सुप्रभात मॅडम

सिन्नरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे आणि तिथे भरतीचं खातं माझ्याकडे आहे. म्हणजे कुणाला घ्यायचं ते ठरवणारे साहेब वेगळे, पण अर्ज चाळणारी, फोन करणारी, मुलाखतीला बोलावणारी आणि नको असलेल्यांना नको म्हणून कळवणारी मी. हे शेवटचं काम कागदोपत्री माझं आहे, प्रत्यक्षात ते फारसं कुणी करत नाही. त्याला वेळ लागतो आणि जीवही लागतो, आणि या वयात दोन्ही जपून वापरावे लागतात.

सकाळी पाथर्डी फाट्यावर कंपनीची बस येते. खिडकीची जागा मिळाली की मी फोन काढून नोकरीधंद्याची ती साइट उघडते. मंडळी माझ्या आधीच हजर असतात. कॅन्टीनचं कंत्राट आम्हाला द्या, हाउसकीपिंगचं आम्हाला द्या, तुमच्या कामगारांना ताणतणावावर व्याख्यान देतो. कुणी विमा विकतो. कुणी परदेशात बसून माझ्या फोटोचं कौतुक करतो आणि तिसऱ्या वाक्याला डिअर म्हणतो. फोटोत मी पन्नाशी ओलांडलेली, चष्म्यातली, मागे कारखान्याचं गेट, तरीही. एका गृहस्थांनी तर माझ्या मुलीची पत्रिका मागितली होती. भाचा पुण्यात आहे, पॅकेज उत्तम आहे, आणि आपण प्रोफेशनल लोक तेव्हा आपल्यात आडपडदा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो बंगळुरात नोकरी करतो. तेवढी चौकशीसुद्धा त्यांनी केली नव्हती.

या लोकांवर निदान रागावता तरी येतं. नोकरी मागणाऱ्यांवर रागावता येत नाही, त्यांच्यामुळे नुसतं दमायला होतं. कुणी रेझ्युमेच्या प्रत्येक पानाचा वेगळा फोटो काढून पाठवतो आणि त्यातलं एक पान उलटं असतं. कुणी मला डिअर सर म्हणतो. कुणी एवढंच लिहितो की मॅडम मीपण निफाड तालुक्यातला आहे, आणि मग गप्प बसतो. निफाडचे आम्ही सासरकडून, माझं माहेर नाशिकच. पण एवढ्या ओळखीवर मी काय ते समजून घ्यावं अशी त्याची अपेक्षा असते. आणि मला समजतंही, हीच तर अडचण आहे.

सुरुवातीला मी येईल त्याला हो म्हणायची. दारात आलेल्या माणसाला निदान पाणी तरी विचारावं, असंच वळण आम्हाला लागलेलं. साइटवर कुणी ओळखीची विनंती पाठवली आणि आपण ती नाकारली तर त्याला काय वाटेल, या भिडेपोटी मी अख्खी एमआयडीसी गोळा करून ठेवली. मग नाकी नऊ आले. माझ्या खात्यात दोन मुली आहेत, कामाला चलाख आणि तोंडाने फटकळ. त्यांनी एके दिवशी माझा फोन हातात घेऊन मला दाखवलं की मेसेजचे दोन कप्पे असतात. एक महत्त्वाचा आणि एक ‘इतर’. एखाद्याला ‘इतर’मध्ये ढकललं की त्याचं पुढचं सगळं बोलणं परस्पर तिकडेच जातं, आपल्याला घंटी वाजत नाही आणि त्यालाही कळत नाही. ना भांडण, ना वाईटपणा. माझ्यासारख्या भिडस्त बाईसाठीच कुणीतरी ही सोय काढली असावी, असं मला वाटलं.

तेव्हापासून मी सढळ हाताने ढकलायला लागले. सगळ्यात जास्त ढकलले ते सुप्रभातवाले. वाफाळता चहा, उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, खाली एक सुविचार आणि वर सुप्रभात मॅडम. रोज. बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे पुरुष. मुलींनी त्यांचं नाव गुड मॉर्निंग काका ठेवलं होतं. आज किती काका आले, असं त्या जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारायच्या, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू यायचं.

आमचे हे तेव्हा घरी बसून होते. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी मेंटेनन्स सांभाळण्यात अर्धं आयुष्य घालवलं. मालकांनी तो प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला आणि ज्यांना यायचं त्यांनी या म्हणाले. परमुलखात भाड्याची खोली घेऊन मेसचा डबा खायचा, हे यांना नको होतं आणि मलाही नको होतं. नाशिकमध्ये आपल्याला कोण ओळखत नाही, महिन्याभरात काम मिळेल, अशी त्यांची खात्री होती. ओळखत सगळे होते. सगळ्यांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि नक्की सांगतो म्हणून सांगितलं.

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. घरात भांडण नव्हतं, उणं नव्हतं, माझ्या पगारात आणि त्यांच्या शिलकीत व्यवस्थित भागत होतं. पण सकाळी मी डबा भरत असताना हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसायचे. कुठे जायचं नसायचं. सोसायटीची पाण्याची मोटर, शेजारणीचा मिक्सर, लिफ्टचं दार, जे दिसेल ते त्यांनी दुरुस्त करून टाकलं. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरेना, तेव्हा मुलाने फोनवरून त्यांचं त्या साइटवर खातं उघडून दिलं.

त्या खात्याने ते हरखून गेले. जुने सहकारी सापडले, ओझरला विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कॉलेजचा मित्र सापडला. दिवसभर त्यांचं काहीतरी चालू असायचं आणि मला वाटलं, बरं झालं, माणूस गुंतला. मग एका सकाळी बसमध्ये माझ्या फोनची घंटी वाजली. वाफाळता चहा, उगवता सूर्य. सुप्रभात मॅडम. पाठवणारे आमचे हे. ज्यांनी तासाभरापूर्वी मला खरोखरचा चहा करून दिला होता.

मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, “यादीतल्या सगळ्यांना एकदम जातो. त्यात तू पण आहेस.” दुसऱ्या दिवशी परत सूर्य उगवला. तिसऱ्या दिवशी मी वैतागून त्यांनाही ‘इतर’मध्ये ढकललं. नवरा घरी भेटतोच, इथे कशाला, असा माझा साधा हिशेब होता.

ते नक्की काय करतात ते मी एका रविवारी शेजारी बसून बघितलं आणि कपाळाला हात लावला. रोज सकाळी सगळ्यांना फूल. दुपारी निवडक लोकांना, साहेब जेवण झालं का. कुणाला नोकरीत बढती मिळाली की अभिनंदन, कुणाच्या मुलाचा वाढदिवस दिसला की चिरंजीवांना उदंड आयुष्य लाभो. सातपूरच्या एका कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी जुनी कंपनी सोडताना आपला एक काळापांढरा फोटो टाकला होता, खाली इंग्रजीत या प्रवासात साथ देणाऱ्या सर्वांचे आभार वगैरे. यांनी फोटो बघितला, मजकूर अर्धा वाचला आणि खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्सवर काळापांढरा फोटो कुणाचा लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे यांना फार दोष देता येत नाही. पण त्यांच्या मागोमाग आणखी चौघांनी श्रद्धांजली वाहिली होती. ते साहेब हयात होते आणि नव्या ठिकाणी माणसं शोधत होते.

“अहो, पण हे सगळं कशासाठी?” मी म्हटलं.

“संबंध ठेवतोय.”

“आणि नोकरीचं कधी विचारणार?”

“लगेच कसं विचारायचं? माणूस म्हणेल, कामापुरता आला.”

हे ऐकल्यावर मला सगळं उमजलं आणि माझा राग कुठे टाकावा ते कळेना. यांच्या घराण्यात कामाचं बोलणं बसल्याबसल्या कुणी करत नाही. मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आम्ही एकदा पिंपळगावला, द्राक्षं पॅक करून परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसवाल्यांकडे गेलो होतो, त्यांची तिथल्या संस्थेत ओळख होती. गेल्यावर पाणी झालं, चहा झाला, द्राक्षांना यंदा साखर कशी उतरली ते झालं, त्यांच्या व्याह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी आपली प्रवेशाचे कागद मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी हे उठले, दारापर्यंत गेले, एक पाय चपलेत घातला आणि मग म्हणाले, “आणखी एक किरकोळ काम होतं.” पॅकहाउसवाले म्हणाले, “तर मग, सांगा की.” काम झालं. तिकडे असंच होतं. उठताना सांगितलेल्या कामाला नाही म्हटलं तरी दोघांनाही ते लागत नाही, कारण आलेला माणूस तसाही निघालेलाच असतो.

साइटवर मात्र उठायची वेळच येत नव्हती. हे आपले महिनोन् महिने लोकांच्या बैठकीत फुलं घेऊन बसून होते, पाणी-चहाचं चालू होतं, आणि मुद्दा चपलेपाशी अडला होता. समोरच्यांना वाटत होतं हा माणूस रिकामटेकडा आहे.

मी काही बोलायच्या आतच साइटने तोंड उघडलं. काही लोकांनी नको असलेले मेसेज म्हणून तक्रार केली असणार, कारण एके दिवशी यांचं मेसेज पाठवणं काही काळासाठी बंद करण्यात आलं. मी घरी आले तेव्हा ते दिवा न लावता बसले होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “मी कुणाला वाईट बोललो का गं?” नोकरी गेली तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. ती मालकाने घालवली होती, मालक असतातच तसे. इथे ज्यांना रोज शुभेच्छा दिल्या त्यांच्यातल्याच कुणीतरी परस्पर हे केलं होतं, आणि कोणी ते कळायला मार्ग नव्हता. त्यांची समजूत घालताना मला माझ्या ‘इतर’ कप्प्यातले सगळे काका आठवत होते.

बंदी उठल्यावर मी त्यांना शिकवायला बसले. ऑफिसात नव्या मुलांना सांगते तसंच, जरा कडक आवाजात. फुलं बंद. जेवलात का, बंद. आपण कोण, काय काम केलंय, काय हवंय, हे चार ओळीत सांगायचं आणि थांबायचं. समोरच्याच्या घरच्यांची चौकशी करायची नाही. फोटोखाली काही लिहायच्या आधी मजकूर पूर्ण वाचायचा.

“नमस्कार तरी घालायचा का?” त्यांनी विचारलं.

“एकदा.”

“आणि उत्तर नाही आलं तर?”

“आठवड्याने एकदा आठवण करायची. मग सोडून द्यायचं.”

“म्हणजे त्याला राग आला असं समजायचं?”

“काहीच समजायचं नाही.”

ते बराच वेळ टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, “हे लय अवघड आहे.” घरात त्यांची गावाकडची बोली क्वचित बाहेर येते, थकले की येते.

पण ते ज्या निष्ठेने मशीनचं ऑइल बदलत असतील त्याच निष्ठेने हेही करायला लागले. चार ओळी लिहायचे, मला वाचून दाखवायचे, मी एखादं आदरणीय गाळायला सांगायची, ते नाइलाजाने गाळायचे. अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरीकडचे नवे कारखाने, सगळीकडे गेले त्यांचे मेसेज. फुलांना निदान अधूनमधून कुणीतरी लाइकचा अंगठा देत होतं. या नीटनेटक्या चार ओळींना काहीच येईना. मी रोज बसमध्ये तशाच चार ओळी वाचत होते, कुणाकुणाच्या, चांगल्या लिहिलेल्या, आणि जागा नसली की पुढे सरकत होते. त्यामुळे उत्तरं का येत नाहीत हे मला त्यांच्यापेक्षा नीट कळत होतं. ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी मला वाचून दाखवणंही बंद केलं. मी आले की पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि विचारायचे, “आज काय विशेष? नवीन काही आलं का?”

“काय येणार, नेहमीचंच,” मी म्हणायची.

रोज तोच प्रश्न. दिवसभर लोकांचं ऐकून डोकं उठलेलं असायचं आणि घरी आल्यावर परत ऑफिसचीच चौकशी. एकदा मी तुटकपणे म्हटलं, “तुम्हाला माझ्या ऑफिसचं काय एवढं पडलंय?” दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, तेव्हा मला बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात फोन भरत आला म्हणून मी परतीच्या बसमध्ये ‘इतर’ कप्पा रिकामा करायला घेतला. बस मोहदरी घाट उतरत होती. एकेक फूल, एकेक सूर्य पुसत होते, न उघडताच. मध्येच यांचा फोटो आला. लग्नातल्या सुटातला, मुलाने खात्यावर लावून दिलेला. मी तोही पुसणार होते, पण फोटोशेजारी सूर्य नव्हता, अक्षरं होती, म्हणून उघडला.

‘आदरणीय मॅडम, नमस्कार. अंबड येथील कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर म्हणून मी दीर्घकाळ काम केले आहे. आपल्याकडे त्या विभागात जागा असल्याचे आपल्या पोस्टवरून समजले. माझा अनुभव त्या कामास योग्य आहे असे वाटते. रेझ्युमे जोडला आहे. जागा माझ्यासाठी नसल्यास तसे कळवावे, ही विनंती.’

त्याच्याखाली एका आठवड्याने लिहिलेली ओळ होती. ‘आपण कामात असाल याची कल्पना आहे. मागील मेसेजची आठवण करून देत आहे.’ त्यानंतर काही नव्हतं. मी शिकवलं होतं तसं त्यांनी सोडून दिलं होतं.

ती जागा मीच साइटवर टाकली होती. पण आमच्या कंपनीत नवरा-बायकोला एकत्र घेत नाहीत, हा नियम मी लागले तेव्हापासूनचा आहे आणि तो यांना माझ्याइतकाच पाठ आहे. नव्या लग्नात त्यावरून आम्ही थट्टा करायचो. मग हे कशाला लिहिलं असेल, मला कळेना. आणि रोज संध्याकाळी पाण्याचा तांब्या पुढे करून ते मला काय विचारत होते ते मात्र लख्ख कळलं. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, घाटात मळमळतं.

घरी पोचले तेव्हा हे ओट्यापाशी मेथी निवडत होते. मी पर्स खांद्यावरच ठेवून म्हटलं, “तुमचा मेसेज बघितला. आज बघितला. ‘इतर’मध्ये गेला होता.”

“हं,” ते म्हणाले. मेथी निवडणं थांबलं नाही.

“आमच्याकडे दोघांना घेत नाहीत. माहीत होतं ना तुम्हाला?”

“माहीत होतं की.”

“मग कशाला पाठवलात?”

त्यांनी कोवळी पानं एकीकडे केली, देठं कागदावर गोळा केली.

“इतक्या जणांना लिहिलं,” ते म्हणाले. “एकानेही नाही म्हणून सांगितलं नाही गं. म्हटलं, तू तरी सांगशील.”

मला रडू फुटलं आणि ते मला त्यांच्यापुढे नको होतं, म्हणून मी बाहेरच्या खोलीत आले. नकार कळवायचा मजकूर कंपनीने आम्हाला तयार करून दिलेला आहे, नुसतं नाव बदलायचं असतं. तो मी वापरला नाही. अर्ज मिळाला, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, आपला अनुभव मोठा आहे, पण आमच्या नियमामुळे आपल्याला घेता येत नाही, असं मी एकेक अक्षर टाइप केलं. खाली माझं नाव आणि हुद्दा घातला आणि पाठवलं.

स्वयंपाकघरात त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पुसले, चष्मा शोधला आणि उभ्याउभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“चला,” ते म्हणाले, “एक तरी आलं.”